जुनी गाडी, दमदार इंजिन (भाग ४) : पिकअपच्या आधी ब्रेक

कागदपत्रं आणि सर्विस बुक कसं तपासायचं, ते मागच्या भागात पाहिलं. आता गाडी दारात उभी आहे. उदाहरणाला फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेऊ. २०१३ मध्ये आलेली ही गाडी आपल्याच पुणे-नाशिक महामार्गावर, चाकणला तयार झाली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. भारतात पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, त्यामुळे आता ती मिळते ती जुनीच.

अशी गाडी हाती आली की पहिला विचार रीमॅपचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवण्याचा येतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो विचार सध्या बाजूला ठेवा. आधी गाडी कंपनीतून आली तेव्हा जशी होती, तशी करून घ्या.

सुरुवात ब्रेकपासून. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. माळशेज घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय राहिला की डिस्क तापते, ऑइलमध्ये वाफ धरते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून मागचा मालक काहीही सांगो, ब्रेक ऑइल बदलाच. त्यानंतर दर दोन वर्षांनी. घाट उतरताना गिअर खालचा ठेवा.

टायरची नक्षी शाबूत असली तरी वय पाहा. बाजूच्या भिंतीवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हाताला रबर कडक लागलं, बारीक भेगा दिसल्या, तर भीमाशंकरच्या पावसाळी रस्त्यावर त्या टायरचा भरवसा धरू नका.

मग इंजिन ऑइल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो फिरतो ऑइलच्या पातळ थरावर. मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचंच ऑइल घाला, सोबत फिल्टरही बदला. दोन सर्विसच्या मध्ये गाडी सपाट जागी लावून डिपस्टिक पाहत जा. घाट चढून आलात तर इंजिन मिनिटभर चालू राहू द्या. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल करपतं. कूलंटची पातळी मात्र इंजिन थंड असतानाच बघा, गरम टाकीचं झाकण उघडू नका.

आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि कच्च्या रस्त्यांचा फुफाटा असतो. एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या मुदतीची वाट न पाहता मधून मधून उघडून बघा. प्लग काढायला लावा आणि चारही ओळीने मांडून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. तेलकट ओल म्हणजे इंजिन ऑइल आत शिरतंय. एकच प्लग बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा दिसला, तर दोष त्या सिलिंडरपाशी शोधा. टर्बोमध्ये दाब जास्त असल्यामुळे झिजलेला प्लग ओव्हरटेक करतानाच दगा देतो. गाडी हिसके मारते आणि समोरून एसटी येत असते.

या डीएसजीचे क्लच कोरडे आहेत. चाकणच्या कोंडीत इंचाइंचाने सरकत राहिलात तर ते तापतात. पुढे थोडी जागा होऊ द्या, मगच गाडी हलवा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर जाणवली, तर जाणकाराकडून कॉम्प्युटरवर तपासून घ्या.

प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा, बदललेले पार्ट मागून घेऊन डोळ्यांखालून घाला. एवढं झाल्यावर गाडी महिनाभर चालवा. गेलेला पिकअप यातच परत आला, असं बऱ्याच जणांच्या लक्षात येईल आणि रीमॅपचे पैसे वाचतील.

पुढच्या आठवड्यात : सस्पेन्शन आणि व्हील अलाइनमेंट.