ग्वाल्हेरचे वार्तापत्र : तिघऱ्याच्या पायाखाली

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या वाड्यांत अजून मराठी कानावर पडते, पण मान वर केली की घर परके वाटते. छताला फळ्या नाहीत, वालुकाश्माच्या लांबच लांब पटिया आहेत. आपला सह्याद्रीचा काळा दगड, बेसॉल्ट, असा सुटत नाही. वालुकाश्म थराथरांचा, म्हणून सुटतो. पंधराव्या शतकात तोमरांच्या काळी किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्तीही वालुकाश्मातल्याच.

ज्वालामुखीचा दगड इथेही आहे, फक्त फार म्हातारा. ग्वाल्हेर समूहाच्या एका थरमालिकेला मुरारचे नाव आहे. तिच्यात शेल, चुनखडी, तांबडा जास्पर आणि मधूनच घुसलेला काळा अग्निज खडक सापडतो, सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीचा लाव्हा त्यापुढे पोरसवदा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. तोही फार दूर नाही. शिवपुरी ओलांडून गुण्याकडे निघाले की त्याचीच काळी माती लागते.

थराथरांच्या वालुकाश्माची किंमत शहराने जवळच्या तिघऱ्याला मोजली. सांक नदीवर 24 मीटर उंचीचे दगडी धरण उभे राहिले आणि लगेच, ऑगस्ट 1917 मध्ये, फुटले. पूर भिंतीवरून वाहिला, पायातल्या वालुकाश्मात पाणी शिरले होते, आणि भिंतीचे मोठे तुकडे जागचे सरकले. सुमारे हजार माणसे गेल्याची नोंद आहे. अभियंता विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला बसवलेले स्वयंचलित दरवाजे पुढे तिघऱ्यालाही आले. दरवाजे पुण्याहून नेता येतात, पाया नेता येत नाही.

आपला पाया बेसॉल्टचा म्हणून पुणेकरांनी निश्चिंत होऊ नये. बेसॉल्टही एकजात नसतो. सच्छिद्र थरात पाणी मुरते, घट्ट थरावर अडते. विहीर दोन शेते सरकली की कोरडी पडते.

खडकांच्या जतनाकडे आता लक्ष गेले आहे. भू-वारसा स्थळांसाठी केंद्राने 2022 मध्ये विधेयकाचा मसुदा काढला, आणि 2025 मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनी लाव्हा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. चांगलेच झाले. पण खाण कुठे, धरण कुठे, वस्ती कुठे, हे ठरवताना खडकाचा नकाशा कोण उघडतो? माझ्या मते खरी कसोटी तिथे आहे, देखण्या कड्यांना पाटी लावण्यात नाही.

ग्वाल्हेरची तहान आता तिघऱ्याने भागत नाही, म्हणून चंबळेचे पाणी आणण्याची योजना आहे. इथल्या चंबळेकाठी तर पायाला वरवर खडकही नाही. गाळाची भुसभुशीत माती, आणि दर पावसाळ्यात तिला कुरतडत पुढे सरकणारे बीहड, म्हणजे घळींचे जाळे.