उन्हावरचा आळ

१६ मार्च १८१९ रोजी लंडनच्या एका वैद्यकीय सभेत डॉ. जॉन बॉस्टॉक यांनी ‘जे. बी.’ या ४६ वर्षांच्या रुग्णाची हकीकत वाचून दाखवली. वयाच्या आठव्या वर्षापासून दर जूनमध्ये या गृहस्थांचे डोळे लाल होऊन चुरचुरत, शिंकांची झुंबड उडे, छाती आवळून येई. रक्त काढून झाले, अफू झाली, पारा झाला, गार पाण्याची स्नाने झाली. गुण कशानेच येईना. हे जे. बी. म्हणजे खुद्द बॉस्टॉकच.

सर्दी म्हणजे थंडीचे दुखणे, अशी त्या काळची पक्की समजूत. ऐन उन्हाळ्यात ठरल्या वेळी येणारी ही सर्दी पाहून श्रोते बुचकळ्यात पडले. बॉस्टॉक मात्र हटले नाहीत. पुढची नऊ वर्षे धुंडाळून त्यांनी असेच आणखी रुग्ण गोळा केले, तरी आकडा २८ च्या पुढे गेला नाही. लोक कापलेल्या ताज्या गवताला दोष देत आणि या विकाराला ‘हे फीव्हर’, म्हणजे गवताचा ताप, म्हणत. बॉस्टॉक यांना ते पटले नाही. उकाडा वाढला की त्रास वाढतो आणि रॅम्सगेटच्या समुद्रकाठी राहिले की उतार पडतो, हे ते स्वतःच्या अंगावर अनुभवत होते. तेव्हा दोषी ऊनच, असा त्यांनी निर्वाळा दिला. निरीक्षण चोख होते, निष्कर्ष मात्र चुकला होता. तो खोडून निघायला पुढे कित्येक वर्षे लागली.

ते काम केले मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. कोरीवकामाच्या धंद्यातून वैद्यकीकडे वळलेले हे डॉक्टर स्वतः याच विकाराने गांजलेले होते. १८५९ मध्ये त्यांनी शोधाला हात घातला आणि संशयितांना एकेक करून तपासले. उष्णता आणि प्रकाश झाले, ओझोन झाला, वाळत्या गवताला सुगंध देणारे कूमारीनही झाले. प्रत्येक वेळी ते स्वतःलाच प्रयोगाला बसवत आणि प्रत्येक वेळी हाती फारसे काही लागत नसे.

मग अपघाताने दार किलकिले झाले. मुलांनी फुलोऱ्यावर आलेल्या गवताचा झुपका तोडून आणून खोलीतल्या फुलदाणीत ठेवला होता. ब्लॅकलींचा हात लागून तो हलला, चेहऱ्याजवळच थोडी पूड उडाली आणि एक-दोन मिनिटांत शिंका सुरू झाल्या. पुढे एकदा खेड्याच्या रस्त्याने ते चालले असताना एक घोडागाडी भरधाव गेली, धुरळ्याचा लोट उठला आणि त्यांना जबरदस्त झटका आला. एखादा नाकाला रुमाल लावून घरी गेला असता. ब्लॅकलींनी त्या जागची धूळ सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मातीच्या कणांमध्ये गवताचे परागकण दिसत होते.

आता पुरावा हवा होता. त्यांनी हाताची कातडी किंचित खरवडली आणि तिथे ओल्या कापडाखाली पराग ठेवला. शेजारी तशीच दुसरी जागा खरवडली, पण ती परागावाचून ठेवली. पराग लावलेली जागा खाजू लागली, फुगून वर आली. दुसरी शांत राहिली. १८६५ च्या सुमाराची ही चाचणी. आज ॲलर्जीच्या दवाखान्यात हातावर टोचून जी परीक्षा घेतात, तिचे मूळ इथे आहे. ब्लॅकली एवढ्यावर थांबले नाहीत. गवत फुलण्याचा हंगाम नसतानाही त्यांनी पराग नाकात ओढून पाहिला आणि विकार तसाच उफाळला. उन्हावरचा आळ तिथे पुसला गेला.

पण शेतातला पराग मँचेस्टरच्या धुरकट गल्ल्यांत पोहोचतो कसा? ब्लॅकलींनी चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवल्या आणि त्यांवर चिकटलेले कण ते रोज मोजू लागले. पाऊस पडला की कण घटत, कोरड्या उन्हाच्या दिवसांत वाढत, आणि त्यांची स्वतःची दुखणीही त्याच चालीने चढत-उतरत. मग त्यांनी पट्ट्या पतंगांना बांधून हजार फुटांच्याही वर चढवल्या. उंच हवेत पराग विरळ असेल, असे कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात तो तिथे खालच्यापेक्षा जास्त सापडला. वाऱ्यावर स्वार होऊन तो कोसच्या कोस जात होता! १८७३ मध्ये या प्रयोगांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला आणि चार्ल्स डार्विन यांनी ब्लॅकलींना आवर्जून पत्र धाडले.

बॉस्टॉक यांची सगळी कोडी आता सुटतात. उकाडा गवताला फुलवत होता, कोरडी हवा पराग उधळत होती आणि रॅम्सगेटला समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात तो नसे.

तरीही उन्हाची सुटका निर्दोष म्हणून झाली नाही. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी कृषी खात्याच्या लुईस झिस्का यांनी बाल्टिमोर शहर, त्याचे उपनगर आणि खेड्यातले शेत अशा वेगवेगळ्या ठिकाणी एकच माती आणि तेच बी नेऊन टाकले. त्यात रॅगवीड उगवले. आपल्या गाजरगवताचे हे जवळचे भावंड. शहर खेड्यापेक्षा सुमारे २ अंशांनी तप्त होते आणि तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइडही जास्त होता. शहरातले रॅगवीड झपाट्याने वाढले, लवकर फुलले आणि परागही कितीतरी अधिक उधळून गेले. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ६० केंद्रांच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. १९९० ते २०१८ या काळात तिथला परागहंगाम सुमारे २० दिवस अलीकडे सरकला होता, हवेतला पराग सुमारे २१ टक्क्यांनी वाढला होता, आणि हंगाम लांबण्यातला जवळपास निम्मा वाटा माणसाने ओढवलेल्या तापमानवाढीचा होता.