नेम धरण्याआधीची पंधरा मिनिटे

चित्रपटातला नायक कोणाच्याही हातची बंदूक हिसकावतो, चाप ओढतो आणि गोळी थेट निशाणावर! प्रत्यक्षात कोरी रायफल कितीही महागडी असो, पहिल्याच दिवशी सांगितल्या जागी गोळी टाकील याचा भरवसा नसतो. आधी तिचा नेम जुळवून घ्यावा लागतो. रेंजवर याला ‘झिरोइंग’ म्हणतात.

जानेवारी २०२४ मध्ये खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धा तामिळनाडूत झाल्या, तेव्हा नेमबाजीच्या लढती चेन्नईतील गुरु नानक कॉलेजच्या रेंजवर रंगल्या. (५७ सुवर्णपदके मिळवून महाराष्ट्र त्या स्पर्धांत अव्वल ठरला, हे जाता जाता सांगायलाच हवे.) दहा मीटर एअर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. म्हणूनच गुण मोजायला सुरुवात होण्याआधी १५ मिनिटे मिळतात. त्या वेळात हवे तितके छर्रे झाडा, त्यांचे गुण धरत नाहीत.

ही खटपट कशासाठी? नेमबाजाची नजर नळीच्या थोडी वरून जाते, तर गोळी नळीतून सुटताच खाली झुकू लागते. नजरेची रेषा आणि गोळीची वाट ठरलेल्या अंतरावर एकत्र आणायची, एवढेच काम. पण ते घाईने होत नाही. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून एकाच बिंदूवर तीन ते पाच गोळ्या झाडायच्या. त्या एकमेकींजवळ, पण निशाणापासून दूर लागल्या तर मागच्या साइटचा स्क्रू फिरवायचा. गोळी ज्या बाजूला न्यायची, मागची साइट त्याच बाजूला सरकवायची. गोळ्या विखुरल्या असतील तर मात्र स्क्रूला हात लावू नये. दोष पकडीत, ढिल्या पेचात नाहीतर काडतुसांत शोधावा. नवखा माणूस एक गोळी चुकली की लगेच स्क्रू फिरवतो आणि दिवसभर फिरवीतच राहतो!

शिकारीच्या काळात हा हलगर्जीपणा फार महागात पडे. शंभर मीटरवर तीन सेंटिमीटरची चूक दोनशे मीटरवर सहाची होते, जनावर मरत नाही, जखमी होऊन निसटते. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने ४३६ बळी घेतल्याचे सांगतात. तिच्या उजवीकडचे सुळे बंदुकीच्या जुन्या जखमेने तुटलेले होते. आपले नेहमीचे भक्ष्य तिला धरता येईना. कोणाची तरी एक गोळी चुकली होती, आणि किंमत मोजली डोंगरातल्या गावांनी.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, झिरोइंग मात्र रेंजवर राहिले. उघड्या रेंजवर वाऱ्याचीही दखल घ्यावी लागते. चेन्नईत उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. सकाळी जुळवलेला नेम तेव्हा उपयोगी पडेलच असे नाही, म्हणून नेमबाज रेंजवरच्या छोट्या निशाणांच्या फडफडीवर डोळा ठेवतात.

कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवले, ते पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने असा हा खेळ. प्रत्येक पवित्र्यात गाल रायफलला वेगळा टेकतो, डोळा किंचित हलतो. त्यामुळे रायफल तीच असूनही पवित्रा बदलला की साइट पुन्हा जुळवावी लागते.