ब्लॉक झाला, की चित्र संपलं

वऱ्हाडात कॉमिक्स आलं ते रेल्वेनं. मुंबई-हावडा मार्गावर अकोला आणि बडनेरा स्थानकांत गठ्ठे उतरायचे, बडनेऱ्याचे पुढे अमरावतीत जायचे, आणि लवकरच तोच अंक एखाद्या भाड्याच्या वाचनालयात दोरीवर टांगलेला दिसायचा. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. मराठी इंद्रजालमधला वेताळ, त्याची कवटीची अंगठी, त्याचा घोडा हे सगळं आमच्या पिढीला तोंडपाठ. पण हे चित्र कुणीतरी एका कागदावर शाईनं काढलं असेल आणि तो कागद कुठंतरी पडला असेल, हे काही आमच्या डोक्यात आलं नाही. मूळ चित्रं जमवण्याचा नाद आपल्याकडे फार उशिरा लागला, आणि लागला तोवर बरंच काही रद्दीत गेलं होतं.

वेताळाचीच गोष्ट घ्या. ली फॉक यांनी १९३६ मध्ये त्याला अमेरिकी वर्तमानपत्रांच्या चित्रपट्टीत आणलं. साठच्या दशकापासून साय बॅरी तो काढत. इंद्रजालला मिळायच्या त्या वर्तमानपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या सिंडिकेटच्या छापील पट्ट्या. इथं त्या कापायच्या, चौकटी पुढंमागं करून पुस्तकाच्या पानात बसवायच्या आणि मजकूर नव्यानं घालायचा. वेताळाच्या राज्याचं नावसुद्धा बदलून डेंकाली करण्यात आलं. म्हणजे इंद्रजालच्या आतल्या पानावरच्या वेताळाचं मूळ चित्र भारतात कधी नव्हतंच. इथं जे रंगवलं गेलं ते मुखपृष्ठ. सुरुवातीची कितीतरी मुखपृष्ठं बी. गोविंद यांची. इंद्रजालचाच दुसरा नायक बहादूर मात्र शंभर टक्के इथला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी तो लिहिला, गोविंद ब्राह्मणिया यांनी काढला. तेव्हा कुणी ‘इंद्रजालच्या वेताळाचं आतलं ओरिजिनल पान’ म्हणून काही दाखवलं, तर पाकीट खिशातच राहू द्यावं.

अमर चित्रकथेचं प्रकरण वेगळं. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या हाती तिची सूत्रं आली. तिचा ‘कृष्ण’ हा अंक राम वाईरकरांनी काढला. पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम ही मंडळी त्याच परंपरेतली. पुढे १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सनं नागराज हा नायक आणला, त्याचा पहिला अंकही मुळीकांनी काढलेला. आमच्याकडे मेळघाट ओलांडला की मध्य प्रदेश, त्यामुळे हिंदी वाचायला कुणाला अडचण नव्हती. अकोल्याच्या बसस्थानकावर नागराज हातोहात खपायचा. पुण्याच्या चित्रकारानं काढलेलं पान दिल्लीला गेलं आणि हिंदी होऊन अकोल्याला आलं. ते काढणारा हात मराठी आहे, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं? चित्रकाराचं नाव वाचायची सवयच नव्हती. संग्रहाच्या दृष्टीनं मला आपली सगळ्यात मोठी उणीव हीच वाटते, पैशाची नाही.

त्या वेळी मूळ चित्राला काही किंमत नसे, त्याचं कारण छपाईत आहे. चित्रकार छापील आकाराच्या दीडपट-दुप्पट मोठ्या जाड कागदावर काढायचा. प्रेसवाले कॅमेऱ्यानं त्याची निगेटिव्ह घ्यायचे, त्यावरून जस्ताच्या पत्र्यावर ब्लॉक व्हायचा, पुढे ऑफसेट आलं तेव्हा पॉझिटिव्ह. एकदा ब्लॉक झाला की खरा ऐवज तो ब्लॉक. चित्र टेबलाच्या खणात, कपाटावर, नाहीतर कात्रणांच्या ढिगात. पानामागं ठरलेले पैसे घेतले की चित्रकारही सहसा ते परत मागत नसे, कारण त्याला पुढच्या पानाची घाई. याला अपवाद होते. हास्यचित्रकार शि. द. फडणीस यांनी साठच्या दशकात ‘हसरी गॅलरी’ भरवली. हास्यचित्र भिंतीवर लावून बघायची गोष्ट आहे, हे महाराष्ट्राला कळलं त्यात त्या प्रदर्शनाचा वाटा मोठा.

अमेरिकेतही सुरुवातीला असंच. जॅक कर्बीसारख्या चित्रकाराला आपली पानं मार्व्हल या प्रकाशकाकडून परत मिळवायला भांडावं लागलं. १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं मिळाली, काढलेली त्याच्या कितीतरी पट. स्पायडरमॅनची पहिली कथा स्टीव्ह डिट्कोनं काढली, ती ज्या अंकात आली त्याची २४ मूळ पानं २००८ मध्ये एका अनाम माणसानं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. आणि बाजार? २०२१ मध्ये टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’साठी एर्जेनं केलेलं मुखपृष्ठाचं चित्र सुमारे ३२ लाख युरोंना गेलं, २०२२ मध्ये स्पायडरमॅनचं एक पान ३३ लाख डॉलरच्या वर. हे आकडे आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतात आणि मग जुने अंक विकणाराही छापील कागदाला ‘ओरिजिनल’ म्हणू लागतो.

खरं ओरिजिनल कसं असतं, ते एका कागदावरून सांगतो. अकोल्यातल्या एका रद्दीच्या दुकानात जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात मला पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा, जाड, कडेनं पिवळा पडलेला कागद सापडला. कापसाच्या गाड्या, जिनिंगचं फाटक, आणि वजनकाट्यावर कापसाऐवजी स्वतःच बसलेला शेतकरी. काळी शाई काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी ब्रश कोरडा पडल्यानं विरळ. शेतकऱ्याचा हात आधी वर काढला होता. त्यावर पांढरा पोस्टर कलर फासून तो खाली आणलाय, आणि कागद तिरपा धरला की जुना हात अजून दिसतो. मागं निळ्या पेन्सिलीत बाण आणि ‘दोन कॉलम’. खाली एक शेरा: ‘टोपी काळी करू नये’. सही आहे, पण कुणाची ते लागत नाही. दुकानदारानं तो कागद गठ्ठ्याबरोबर किलोवर मोजला.

ओळखायच्या खुणा याच. भिंगाखाली रंगीत छापील चित्रात सहसा ठिपके दिसतात, मूळ चित्रात शाईची कड. पेन्सिलीच्या पुसट रेषा, पांढऱ्या रंगाचे थर, वर चिकटवलेल्या मजकुराच्या पट्ट्या, मागच्या सूचना. आजचे चांगले डिजिटल प्रिंट डोळ्यांना सहज फसवतात, पण हाताला नाही.

कायद्याची एक गोष्ट संग्राहकांना आणि चित्रकारांच्या वारसांनाही ठाऊक हवी. पान विकत घेतलं म्हणजे कॉपीराइट मिळत नाही. ते छापायला वेगळी परवानगी लागते. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये कलम ५३ अ घातलं गेलं: मूळ चित्र पुन्हा विकताना किंमत दहा हजार रुपयांच्या वर गेली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. अट इतकीच की कॉपीराइटचा पहिला मालक तो चित्रकार असावा. नोकरीत काढलेल्या कामाला हे सहसा लागू नाही. म्हणजे प्रकाशनाच्या पगारावर असणारा कोरडाच राहतो.

कागद टिकवणं हे आमच्याकडे वेगळंच काम आहे. मे महिन्यात अकोला ४५ अंशांच्या पुढे जातं, आणि घरोघरी वाळ्याचा कूलर सुरू होतो. कूलरसमोरच्या भिंतीवर लावलेलं चित्र दोन उन्हाळ्यांत लाटा घेतं. सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नाही. आम्लरहित कागदात सपाट ठेवून आतल्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवावं. एवढ्यावर बरंच निभतं.

आता बहुतेक चित्रकार टॅब्लेटवर काढतात. फाइल जाते, कागद उरत नाही. म्हणून जे कागदावर आहे तेवढंच राहणार. इथल्या संग्राहकांनी मुंबई-दिल्लीच्या नावांमागं धावत बसू नये, असं माझं मत आहे. ती पानं ज्यांच्याकडे आहेत ते ती जपतीलच. अकोल्याचा ‘मातृभूमी’, ‘देशोन्नती’, अमरावतीचा ‘हिंदुस्थान’, जिल्ह्याजिल्ह्यांतले छोटे दिवाळी अंक, यांच्यासाठी काढलेली चित्रं कुणी जपायची? विदर्भात चंद्रपूरला राहून मनोहर सप्रे यांच्यासारख्या माणसानं हास्यचित्रं काढली, लाकडातून शिल्पं घडवली. त्यांचं नाव तरी लोकांना ठाऊक आहे. इथल्या बाकीच्यांची चित्रं मुलांच्या, नातवांच्या घरी माळ्यावर असतील.

तेव्हा यंदा दिवाळीची आवराआवर करताना जुन्या अंकांत एखादा जाड कागद निघाला, तर तो उलटून बघा. मागं निळी पेन्सिल, बाण किंवा ‘दोन कॉलम’ असं काही दिसलं, तर तो किलोवर देऊ नका. त्याचा फोटो काढा, मागं काय लिहिलंय ते उतरवून घ्या, चित्रकाराचं नाव घरातल्या थोरांना विचारून ठेवा, आणि ते पान जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला दाखवा.