दुसऱ्या तबकडीचें यश

पाश्चात्यांच्या ‘रॉक’ संगीताचें नांव निघतांच पुष्कळ घरांतील वडील मंडळी कानांवर हात ठेवतात, आणि त्याबद्दल त्यांना सर्वस्वीं दोष देण्यास आम्ही तयार नाहीं. तथापि घरांतील तरुण ज्या गोंगाटांत तासन् तास रमतात त्यांत आहे तरी काय, हें एकदां शांतपणें पाहिलें पाहिजे. त्यासाठीं आम्ही ‘निर्वाणा’ ह्या अमेरिकन वाद्यवृंदाची ‘नेव्हरमाइंड’ ही 1991 सालची दुसरी तबकडी घेतली आहे. नांवावरून तिच्यांत वैराग्य शोधूं जाणारा मात्र फसेल.

कर्ट कोबेन व क्रिस्ट नोव्होसेलिक हे वॉशिंग्टन संस्थानांतील ॲबर्डीन ह्या, लांकडाच्या धंद्यावर जगणाऱ्या पावसाळी गांवीं वाढले. त्यांची पहिली तबकडी ‘ब्लीच’ 1989 मध्यें निघाली. तिच्या ध्वनिमुद्रणास अवघे 606 डॉलर पडले. दुसऱ्या खेपेस मोठ्या कंपनीचें पाठबळ होतें, डेव्ह ग्रोल हा दणकट हाताचा नवा ड्रमवादक होता, आणि ध्वनिमुद्रणाचीं सूत्रें बुच व्हिग ह्या मर्मज्ञाकडे होतीं. एकच ओळ दोनदां गाऊन आवाजावर आवाज बसविणें कोबेनला खोटेपणाचें वाटे. व्हिगनें एवढेंच सांगितलें कीं, जॉन लेनन असेंच करीत असे. बीटल्सचा भक्त असलेल्या कोबेनचा विरोध तेथेंच संपला!

ह्या गाण्यांची घडण गहन नाहीं. कडवें दबल्या, जवळजवळ पुटपुटल्यासारख्या स्वरांत चालतें आणि ध्रुपदाशीं येतांच गिटार, ड्रम व कंठ एकदम फुटतात. ही युक्ति ‘पिक्सीज’ ह्या वृंदाकडून उचलल्याचें कोबेननें पुढें मोकळेपणानें सांगितलें. पण त्या आरडाओरडीखालीं चाल असते, आणि ती एकदां ऐकल्यावर कानांतून जात नाहीं. नुसता गोंगाट असता, तर तो कोणी गुणगुणला नसता.

अमेरिकेंत प्रथम सुमारें 46 हजार प्रती बाजारांत आल्या. पुढें ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ हें गाणें एमटीव्हीवर सारखें दिसूं लागलें, आणि जानेवारी 1992 मध्यें ह्या तबकडीनें ‘बिलबोर्ड’च्या यादींत मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अग्रस्थानावरून खालीं आणलें.

यशाबरोबर कोबेनची अस्वस्थता वाढली. अँडी वॉलेसनें शेवटचा हात फिरवून तबकडीस जी झिलई दिली, ती त्याला बोचूं लागली. ज्या दांडगट तरुणांचा त्याला तिटकारा, तेच त्याच्या जलशांना गर्दी करूं लागले. 1992 अखेर निघालेल्या एका संग्रहाच्या टिपणांत, स्त्रियांचा, समलिंगी लोकांचा वा परवर्णीयांचा द्वेष करणाऱ्यांनीं आमच्या जलशांस येऊं नये व तबकड्याहि घेऊं नयेत, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. स्वतःच्या गिऱ्हाइकास दारांतून परत पाठविणारा कलावंत विरळाच. एप्रिल 1994 मध्यें, वयाच्या 27 व्या वर्षीं, त्यानें आत्महत्या केली. हेरॉइनचें व्यसन आणि पोटाचें जुनें दुखणें हींहि त्याच्या मागें होतीं. सारा दोष यशाच्या माथीं मारणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. झिलईविषयींची त्याची तक्रारहि आम्हांस पटत नाहीं. तिच्यामुळेंच त्याचें गाणें परक्या घरांत पोंचलें.

ज्यांना गोंगाट मुळींच सोसत नाहीं, त्यांनीं ‘समथिंग इन द वे’ हें शेवटाकडचें गाणें आधीं ऐकावें. तें मोठ्या दालनांत नीट साधेना. तेव्हां कोबेन यंत्रांच्या खोलींत कोचावर आडवा झाला आणि कुजबुजल्यासारखें गाऊं लागला. व्हिगनें टेलिफोन काढून ठेवला, वातानुकूलन बंद केलें आणि तसेंच तें टिपून घेतलें. हातांतली गिटार नीट लागलेली नव्हती. त्यामुळें मागाहून बोलाविलेल्या सेलोवादकाला आपलें वाद्य त्या उतरलेल्या तारांशीं जुळवितांना बरेच कष्ट पडले.