रेडिओ आधी, मोबाइल मागून



बचत गटांच्या बैठकांना गेलं की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'रेडिओवर बातम्या सुरू झाल्या, तरी मोबाइलवर अजून आधीचंच गाणं चाललेलं असतं. आमचा मोबाइल जुना झालाय का?' तर तसं नाही. नव्याकोऱ्या मोबाइलवरही हेच होतं. असं का होतं ते आज समजून घेऊ, कारण काही वेळा ही अर्ध्या मिनिटाची दिरंगाई आपल्याला अडचणीत आणते.

आधी घरी एक प्रयोग करा. साध्या रेडिओवर आकाशवाणी पुणे केंद्र लावा. तेच केंद्र मोबाइलवर 'न्यूज ऑन एअर' या अ‍ॅपवर लावून मोबाइल स्पीकरला जोडा. रेडिओवर एखादं वाक्य ऐकू आलं की मनात आकडे मोजायला लागा. तेच वाक्य स्पीकरवर येईपर्यंत बऱ्याचदा वीस-तीस आकडे मोजून होतात.

साध्या रेडिओचं काम सरळ असतं. निवेदिका बोलते, तिचा आवाज लहरींवर स्वार होतो आणि मनोऱ्यावरून चहूकडे सुटतो. या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. शेतातून मारलेली हाक मात्र सेकंदाला साधारण ३४० मीटरच जाते. म्हणजे मनोऱ्यापासून शंभर किलोमीटरवरच्या गावात लहर पोचते, तेवढ्या वेळात निवेदिकेचा आवाज तिच्या खोलीतल्या हवेतून वीतभरसुद्धा पुढे सरकलेला नसतो!

मग इंटरनेटचा रस्ता लांबचा आहे का? तेही नाही. वेळ रस्त्यात कमी आणि थांब्यांवर जास्त जातो. दूध डेअरीचं उदाहरण घेऊ. धार काढली की तेवढंच दूध घेऊन कोणी टेम्पो पाठवत नाही. कॅन भरला की तो पुढे जातो. इंटरनेटवर आवाजाचेही असेच कॅन भरतात. संगणक आधी आवाजाचे आकडे करतो, ते दाबून लहान करतो आणि त्यांचे तुकडे पाडतो. एक तुकडा बहुधा सहा ते दहा सेकंदांचा असतो. तो पुरा भरल्याशिवाय पुढे जात नाही. पुढे तो मोठ्या संगणकावर ठेवला जातो आणि तिथून आपला मोबाइल तो मागवून घेतो.

मोबाइलसुद्धा पहिला तुकडा आला की लगेच वाजवत नाही. साधारण तीन तुकडे जमेपर्यंत तो थांबतो. सहा-सहा सेकंदांचे तीन म्हणजे अठरा सेकंद, दहा-दहाचे तीन म्हणजे तीस. दिरंगाईचा मोठा भाग हाच आहे. ब्लूटूथ स्पीकर त्यात भर घालतो, पण ती सेकंदापेक्षाही कमी असते.

हा साठा कशासाठी करायचा? आपण घरात पाण्याची टाकी कशासाठी ठेवतो? नळाला पाणी कधी जोरात येतं, कधी बारीक, कधी जातंच. टाकी असली की घरातली तोटी चालू राहते. गावात रेंजचंही तसंच असतं. पंधरा सेकंद रेंज गेली तरी साठ्यातला आवाज वाजत राहतो आणि कार्यक्रम तुटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लेकीशी बोलताना असा साठा जवळजवळ नसतो, म्हणून तिचं उत्तर लगेच येतं. पण रेंज कमी झाली की 'आई, आवाज तुटतोय' हेही लगेच ऐकावं लागतं. आवाज लगेच हवा असेल तर तो तुटण्याची तयारी ठेवायची, आणि सलग हवा असेल तर थोडं थांबायचं.

आता हे कुठे लक्षात ठेवायचं ते सांगतो.

पहिलं, फोन-इन कार्यक्रम. तुमचा फोन लागतो, तुम्ही बोलता आणि समोरच्या मोबाइलवर तुमचंच अर्ध्या मिनिटापूर्वीचं बोलणं सुरू होतं. बाई गोंधळते, थांबते आणि मनातला प्रश्न मनातच राहतो. रेशनचा असो की बाळंतपणाचा, तो प्रश्न विचारायला तिने धीर केलेला असतो. म्हणून फोन लागला की कार्यक्रमाचा आवाज पूर्ण बंद करा आणि फक्त कानाला लावलेल्या फोनवर ऐका. साधा रेडिओ शेजारी असेल तर तोही बंद करा, नाहीतर शिट्टीसारखा आवाज येतो.

दुसरं, सगळ्यांनी मिळून ऐकणं. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्कोने पुणे आणि आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांमध्ये श्रोता मंडळांचा प्रयोग केला होता. गावकरी रेडिओभोवती जमायचे, कार्यक्रम ऐकायचे आणि मग चर्चा करायचे. आपल्या गटातही तसंच करा. दहा जणींनी दहा मोबाइल लावले तर प्रत्येकीचा आवाज मागेपुढे होतो आणि नुसता गलका ऐकू येतो. एकच मोबाइल आणि एकच स्पीकर ठेवा.

तिसरं, घड्याळ. निवेदिका 'सात वाजले' म्हणाली की त्यावर घड्याळ लावायची सवय असेल, तर ते साध्या रेडिओवर ऐकूनच लावा. मध्येच फोन आल्यामुळे कार्यक्रम थांबला, तर काही अ‍ॅप थांबल्या जागेपासून पुढे वाजवतात आणि मोबाइल आणखी मागे पडतो. अशा वेळी केंद्र बंद करून पुन्हा लावा.

चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं. वादळात, पुरात वीज जाते, मोबाइलचा टॉवर बंद पडतो. मग अर्ध्या मिनिटाच्या उशिराचा प्रश्नच राहत नाही, मोबाइलवर काहीच ऐकू येत नाही. सेलवर चालणाऱ्या रेडिओला टॉवर लागत नाही. आमच्यासारख्या सामुदायिक केंद्रांचा आवाज थोड्याच किलोमीटरपर्यंत पोचतो, म्हणून लांब राहणाऱ्या मैत्रिणींसाठी इंटरनेट मोठी सोय आहे. ती जरूर वापरा. पण गटाच्या पैशातून एक साधा रेडिओ घ्या, तो कोणाकडे राहील ते ठरवा आणि पावसाळ्याआधी त्याचे सेल बदला.