विद्युत गो-कार्टची मोटर-क्षमतावाढ

विद्युत गो-कार्टची मोटर-क्षमतावाढ म्हणजे मुलांसाठी वा छंदासाठी तयार केलेल्या लहान, बॅटरीवर चालणाऱ्या गो-कार्टमधील मूळ मोटर काढून तिच्या जागी अधिक शक्तीची मोटर बसविणे आणि त्यासाठी बॅटरी, नियंत्रक, साखळी व ब्रेक यांत आवश्यक ते बदल करणे. मराठी परिभाषेत मोटरला ‘विद्युत चलित्र’ व बॅटरीला ‘घटमाला’ असे शब्द आहेत. परंतु कारागीर, दुकानदार आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोटर व बॅटरी हेच शब्द वापरत असल्याने या लेखातही तेच योजले आहेत. मात्र बोलीत ‘मोटर’ म्हणजे कधी चारचाकी गाडी, तर कधी विहिरीवरचा पंप असतो. येथे तो अर्थ नाही.

पार्श्वभूमी

पहिली गो-कार्ट १९५६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आर्ट इंगल्स यांनी तयार केली. तिला हिरवळ कापणाऱ्या यंत्राच्या प्रकारातील पेट्रोल इंजिन होते. साधी नळ्यांची चौकट, चार लहान चाके आणि जमिनीलगत बैठक ही रचना आजही तशीच आहे. मुलांसाठीच्या विद्युत कार्टमध्ये इंजिनाची जागा एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या लहान मोटरने घेतली. अमेरिकेतील रेझर या उत्पादकाची ‘ग्राउंड फोर्स’ ही कार्ट या वर्गाचे चांगले उदाहरण आहे : १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या एकसर जोडून मिळणारा २४ व्होल्टचा दाब, २५० वॅटची मोटर, साखळीने फिरणारे मागचे चाक, ताशी सुमारे १९ किलोमीटर वेग आणि सुमारे ६४ किलोग्रॅमपर्यंतचा चालक. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे पुरते. मूल वाढते, कार्ट वाढत नाही. बहुतेक क्षमतावाढीचे मूळ येथे असते.

वॅट, व्होल्ट आणि वेग

अधिक वॅटची मोटर बसविली की वेग आपोआप वाढतो, हा या विषयातील सर्वांत रूढ गैरसमज होय. मोटरवर छापलेला वॅटचा आकडा ती न तापता सतत किती शक्ती देऊ शकेल हे सांगतो. प्रत्यक्षात ती किती शक्ती घेईल हे चाकावरील भार व नियंत्रकाने घातलेली प्रवाहाची मर्यादा यांवर ठरते. सपाट जमिनीवरील कमाल वेग मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असतो : मोटरला मिळणारा विद्युतदाब, साखळीच्या दोन दातेरी चक्रांचे गुणोत्तर आणि चाकाचा व्यास.

याचे कारण मोटरच्या स्वभावात आहे. मोटर फिरू लागली की तीच जनित्राप्रमाणे वागून बॅटरीच्या विरुद्ध दिशेने दाब निर्माण करते. वेग वाढतो तसा हा विरोधी दाब वाढतो, प्रवाह कमी होत जातो आणि एका वेगाला समतोल साधतो. म्हणून कायम चुंबकाच्या मोटरचे निर्भार फेरे दाबाच्या प्रमाणात असतात. दर व्होल्टला ११० फेरे करणारी मोटर २४ व्होल्टवर मिनिटाला सुमारे २,६०० आणि ३६ व्होल्टवर सुमारे ४,००० फेरे करील. ही मोटर २५० वॅटची असो वा १,००० वॅटची, त्याने या हिशेबात फरक पडत नाही.

समजा, मोटर भाराखाली मिनिटाला २,७०० फेरे करते. तिच्या दांड्यावरील चक्राला ११ आणि चाकाच्या चक्राला ५५ दाते आहेत. गुणोत्तर ५ म्हणून चाक मिनिटाला ५४० फेरे करील. चाकाचा व्यास २५ सेंटिमीटर असल्यास परीघ सुमारे ७८.५ सेंटिमीटर होतो, म्हणजे मिनिटाला ४२४ मीटर, ताशी सुमारे २५ किलोमीटर. असा हिशेब वहीत करून मगच खरेदीला जावे. नंतर चक्रे बदलत बसण्याचा खर्च वाचतो.

मग अधिक वॅटचा उपयोग कोणता? तो चढावर आणि वेग पकडताना दिसतो. मिनिटाला २,७०० फेऱ्यांवर २५० वॅट देणाऱ्या मोटरचे परिबल, म्हणजे टॉर्क, सुमारे ०.९ न्यूटन-मीटर असते. वरील गुणोत्तर व चाक धरल्यास जमिनीवर सुमारे ३५ न्यूटन रेटा मिळतो. चालकासह १०० किलोग्रॅम वजनाच्या कार्टला १० मीटर अंतरात १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर केवळ गुरुत्वावर मात करण्यासाठी सुमारे ९८ न्यूटन लागतात, शिवाय चाकांचे घर्षण वेगळे. म्हणजे लहान मोटर या चढावर आपल्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक भार सोसते. थोडा वेळ सोसते आणि मग जळते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर १,००० वॅट देणारी मोटर त्याच गुणोत्तरात सुमारे १२७ न्यूटन रेटा देते आणि हा चढ फारशी न तापता चढते.

सपाटीवर मात्र वेगाची किंमत झपाट्याने चढते. अशा कार्टला ताशी २० किलोमीटर वेगाने चालण्यास अंदाजे १७० वॅट पुरतात; ताशी ४० किलोमीटरसाठी सुमारे ७०० वॅट लागतात. चाकांचे घर्षण दोन्ही वेगांत जवळजवळ तेवढेच राहते, हवेचा रोध मात्र चौपट होतो आणि त्यावर मात करणारी शक्ती आठपट.

क्षमतावाढीचे मार्ग

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मोटर तीच ठेवून दाब वाढविणे. आणखी एक १२ व्होल्टची बॅटरी एकसर जोडली की २४ चे ३६ व्होल्ट होतात आणि वेग जवळजवळ दीडपट होतो. मूळ नियंत्रक मात्र क्वचितच हा दाब सोसतो. त्यातील धारित्रे व ट्रान्झिस्टर विशिष्ट दाबापुरतेच बनविलेले असतात, म्हणून तोही बदलावा लागतो. शिवाय कार्बन ब्रश व दिक्परिवर्तक यांच्यामध्ये ठिणग्या वाढून दोन्ही लवकर झिजतात. खरा शत्रू उष्णता आहे. वेटोळ्याचा रोध ०.३ ओहम धरला, तर १४ अँपिअर प्रवाहाला मोटरमध्ये सुमारे ५९ वॅट उष्णता होते; ३० अँपिअरला ती २७० वॅट होते. प्रवाह दुपटीने वाढला, उष्णता साडेचार पट. हाताच्या पंजाएवढ्या, बंद कवचाच्या मोटरला ती बाहेर टाकणे शक्य नसते. तारांवरील वार्निश जळाल्याचा वास आला म्हणजे प्रयोग संपला असे समजावे.

दुसरा मार्ग ब्रश असलेलीच, पण ५०० ते १,००० वॅटची मोठी मोटर बसविण्याचा. विद्युत स्कूटरसाठी बनविलेल्या अशा मोटरी सहज मिळतात. जोडणी दोनच तारांची असल्याने नवशिक्याला समजण्यास सोपी. ती सुमारे तीन-चार किलोग्रॅमची व आकाराने मोठी असल्याने चौकटीवर नवी पट्टी जोडून भोके पाडावी लागतात. साखळी ताणता यावी म्हणून ही भोके गोल न ठेवता लांबट ठेवतात.

तिसरा मार्ग ब्रशरहित मोटरचा. तीत चुंबक फिरतात, वेटोळी स्थिर राहतात आणि दिक्परिवर्तकाचे काम नियंत्रक करतो. तीन जाड तारा वेटोळ्यांच्या व पाच बारीक तारा हॉल संवेदकांच्या असतात. ब्रश झिजण्याचा प्रश्न उरत नाही, वाया जाणारी ऊर्जा कमी होते आणि वेटोळी बाहेरच्या कवचाला लागून असल्यास उष्णताही सहज बाहेर पडते. अडचण जोडणीची : तारांचे रंग जुळले तरी क्रम जुळेलच असे नाही. क्रम चुकल्यास मोटर गुरगुरते, थरथरते वा उलटी फिरते आणि निर्भार असतानाही भरपूर प्रवाह खेचते. अशा वेळी जोर न लावता पुरवठा तोडून क्रम बदलून पाहावा. प्रतिकृती विमानांच्या मोटरीही काहीजण वापरतात. त्यांचे दर व्होल्टचे फेरे जास्त असल्याने गुणोत्तर मोठे ठेवावे लागते, आणि संवेदक नसल्यास कार्ट जागेवरून हलताना अडखळते.

चौथ्या मार्गाला क्षमतावाढ म्हणावे की नाही याबद्दल मतभेद होऊ शकतो. तो म्हणजे केवळ चाकावरचे दातेरी चक्र बदलणे. सायकलच्या गिअरप्रमाणे येथेही एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते : वेग हवा तर रेटा कमी, रेटा हवा तर वेग कमी. पण ज्याची तक्रार फक्त चढाची आहे, त्याने आधी हा उपाय करून पाहावा.

बॅटरी, तारा आणि फ्यूज

मोठी मोटर बसवूनही कार्ट पूर्वीसारखीच चालते, किंवा क्षणभर उसळून मंदावते, याचे कारण बहुधा बॅटरीत सापडते. मूळ लेड-ॲसिड बॅटरीवर ‘७ अँपिअर-तास’ असे लिहिलेले असते. ही मोजणी २० तासांत सावकाश रिकामी करण्याची, म्हणजे ०.३५ अँपिअर प्रवाहाची असते. १,००० वॅटसाठी २४ व्होल्टवर सुमारे ४२ अँपिअर लागतात. इतक्या वेगाने उपसल्यास लेड-ॲसिड बॅटरी आपल्या नाममात्र धारणेच्या निम्मीही देत नाही. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ साली मांडला. दाबही तत्काळ घसरतो आणि नियंत्रक बॅटरीच्या रक्षणासाठी पुरवठा तोडतो.

लिथियम बॅटऱ्या हे काम हलक्या वजनात करतात. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारचा एक घट ३.२ व्होल्टचा असतो. १६ घटांची ५१.२ व्होल्टची माला ४८ व्होल्टच्या मोटरला चालते. दुसऱ्या, निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे १३ घट पूर्ण भारल्यावर ५४.६ व्होल्ट देतात. दोन्हींसाठी प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारे व्यवस्थापन-मंडल अनिवार्य आहे. त्याची प्रवाहमर्यादा नियंत्रकाच्या मर्यादेपेक्षा अधिक असावी लागते. ‘४८ व्होल्ट’ एवढेच वाचून लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला लावणे धोक्याचे आहे : तो त्याहून चढा दाब देऊ शकतो आणि अतिभारित लिथियम घट पेट घेतो.

दाब वाढविण्याचा एक फायदा तारांच्या बाबतीत होतो. तेवढीच शक्ती दुप्पट दाबाने दिली तर प्रवाह निम्मा आणि तारांतील उष्णता चौथाई होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ४२ अँपिअर वाहिल्यास दर मीटरला सुमारे १२ वॅट उष्णता होते. २१ अँपिअरला केवळ ३ वॅट. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा आणि तो एकदिश प्रवाहासाठी बनविलेला असावा. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझते. बॅटरीच्या प्रवाहाची ठिणगी तशी आपोआप विझत नाही.

ब्रेक आणि चौकट

या विषयावर लिहिणारे मोटरबद्दल भरभरून लिहितात आणि ब्रेकसाठी एखादे वाक्य राखून ठेवतात. वास्तविक क्रम उलटा हवा. १०० किलोग्रॅमच्या कार्टची गतिज ऊर्जा ताशी २० किलोमीटरला सुमारे १,५४० ज्यूल, तर ताशी ४० किलोमीटरला सुमारे ६,१७० ज्यूल असते. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. तेवढ्याच जोराचा ब्रेक लावल्यास पहिली कार्ट सुमारे ५ मीटरांत थांबत असेल, तर दुसरीला २० मीटर लागतील. ब्रेक दाबण्यापूर्वी एक सेकंद गेला असे धरले तर एकूण अंतरे सुमारे ११ व ३१ मीटर होतात. सोसायटीच्या आवारात ३१ मीटर मोकळी जागा क्वचितच असते, आणि कार्टवर बसलेले डोके उभ्या मोटारीच्या चालकाला दिसेल इतक्या उंचीवर नसते.

म्हणून आधी तबकडीचा ब्रेक, मग मोटर. ब्रेकच्या दांडीत किंवा पायटीत असा खटका असावा की ब्रेक दाबताच नियंत्रक मोटरचा पुरवठा बंद करील. याशिवाय चालकाच्या हाताला येईल असे लाल रंगाचे तोडबटण असणे आवश्यक आहे. त्याचे कारण थ्रॉटलच्या रचनेत आहे. हॉल प्रकारच्या थ्रॉटलला ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि तो साधारण ०.८ ते ४.२ व्होल्टचा संकेत देतो. त्याची ऋण तार तुटली तर संकेत ५ व्होल्टकडे सरकतो, आणि साधा नियंत्रक याचा अर्थ ‘पूर्ण वेग’ असा लावतो. चांगले नियंत्रक ४.२ व्होल्टच्या बरेच वर गेलेला संकेत बिघाड मानून थांबतात. खरेदी करताना हा गुण विचारावा.

साखळीही बदलावी लागते. लहान कार्टमध्ये ६.३५ मिलिमीटर अंतराच्या कड्यांची बारीक साखळी असते. १,००० वॅटच्या धक्क्याने ती तुटते वा दात उडवते. त्याऐवजी ८ किंवा ९.५२५ मिलिमीटरची साखळी व तिलाच जुळणारी दोन्ही चक्रे घेतात. दोन्ही चक्रे एका रेषेत नसतील तर उत्तम साखळीही टिकत नाही. साखळी आणि फिरता आस यांवर पूर्ण झाकण हवे. लांब केस या भागात अडकून भारतातील कार्टिंगच्या मार्गांवर प्राणघातक अपघात झालेले आहेत. शिरस्त्राणाखाली केस बांधणे आणि ओढणी काढून ठेवणे हे नियम त्यांतूनच आले.

पहिली चाचणी मागची चाके जमिनीपासून उचलून, चौकट ठोकळ्यांवर घट्ट बसवून घेतात. दुसरी चाचणी प्रौढ व्यक्तीने मोकळ्या मैदानावर, नियंत्रकाची प्रवाहमर्यादा कमीत कमी ठेवून घ्यावी. पाच मिनिटांनी थांबून मोटर, नियंत्रक आणि प्रत्येक जोडाला हात लावून पाहावा. जेथे हात ठेववत नाही तेथे दोष आहे.

स्पर्धा

अमेरिकेत मुलांच्या विद्युत खेळण्यातील गाड्यांत असे बदल करून प्रौढांनी शर्यती लावण्याची ‘पॉवर रेसिंग सिरीज’ नावाची विनोदी, पण तांत्रिकदृष्ट्या गंभीर परंपरा आहे. तिचा उगम शिकागोतील हौशी तंत्रज्ञांच्या कार्यशाळेत झाला. गाडीवरील खर्चाला ५०० डॉलरची मर्यादा घालून आणि शक्तीला फ्यूजने वेसण घालून स्पर्धकांना पैशाऐवजी युक्ती वापरण्यास भाग पाडले जाते. सुरक्षासाधनांचा खर्च या मर्यादेत धरला जात नाही.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार केवळ कारखान्यात वा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेले खास प्रकारचे वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येत येत नाही. सार्वजनिक रस्त्यावर मात्र नोंदणी, विमा व परवाना आवश्यक आहे आणि घरी बदललेल्या कार्टला ते मिळत नाही. २५० वॅटपेक्षा कमी शक्ती व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या विद्युत वाहनांना मिळणारी सूट दुचाकींसाठी आहे. ती चारचाकी कार्टला लागू होते असा समज चुकीचा आहे. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.